तुम्ही विचारलंत म्हणून: फायबर ओढू की आकाशातलं नेट घेऊ?

आमच्या बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर एका मयताला गेलो होतो तिथंसुद्धा एकानं हळूच बाजूला घेतलं, "तू घरातनंच काम करतोस न्हवं, मग सांग की, फायबर ओढून घेऊ का त्या सॅटेलाइटची वाट बघू?"

तुमच्या घराजवळच्या पोलपर्यंत फायबर, म्हणजे काचेच्या तारेतनं नेट आणणारी केबल, आली असेल तर डोळे झाकून फायबर घ्या. बाकीचं सगळं ज्यांच्याकडं ती आली नाही त्यांच्यासाठी आहे.

फायबरला माझ्याइतक्या शिव्या कुणी दिल्या नसतील, तरी सांगतो. गेल्या पावसाळ्यात आंब्याची फांदी पडून आमची लाईन तुटली, राऊटरवर लाल दिवा, फोन केला की "उद्या येतो", असे चार उद्या गेले. पाचव्या दिवशी एक पोरगं आलं, भर पावसात मी छत्री धरून उभा आणि ते गुडघ्यावर मशीन ठेवून काचेचा तंतू सोलत बसलंय. केसाएवढी जाड काच, त्यात उजेड जातो तो मधला भाग तर फक्त 9 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या नऊपट. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, बारीक ठिणगी, चिकटली. वरनं नळी चढवून शेकवली, पाच मिनिटांत नेट चालू. म्हणजे काम पाच मिनिटांचं आणि वाट पाच दिवसांची! पण माणूस येतो, आज ना उद्या येतो, आणि त्याचा नंबर माझ्याकडं आहे. सॅटेलाइटची छतावरची डिश बिघडली तर कुणाला फोन लावायचा ते आधी विचारून ठेवा.

आता सॅटेलाइट. पूर्वीचं सॅटेलाइट नेट म्हणजे 35,786 किलोमीटरवरचा उपग्रह, प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तर परत तसंच, नुसत्या अंतरातच अर्धा सेकंद जायचा, त्यामुळं कॉलवर दोघंही एकदम बोलायचे आणि एकदम गप्प. स्टारलिंकचे (इलॉन मस्कच्या कंपनीचं सॅटेलाइट नेट) उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर, त्यामुळं ती अडचण जवळजवळ संपली. स्टारलिंकला आपल्याकडं जून 2025 मध्ये दूरसंचार खात्याचं लायसन मिळालं, वनवेब आणि जिओ या दुसऱ्या कंपन्यांना त्याच्या आधीच मिळालं होतं.

पण खाली असलेल्या उपग्रहाची एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. टीव्हीची छत्री आकाशातल्या एकाच जागेकडं बघते, फणसाच्या दोन फांद्यांमधनं फट मिळाली की झालं. हे खालचे उपग्रह मात्र पळत असतात, एक गेला की दुसरा धरायचा, म्हणून डिशला मोठं मोकळं आभाळ लागतंय. झाड आडवं आलं की दर थोड्या वेळानं कॉल तुटणार. आणि आपल्या कणकुंबी-आमगाव पट्ट्यात घर कुठं असतं? झाडाखाली! रिमझिमीला काही होत नाही, पण जुलैत ढग फुटल्यासारखा कोसळतो तेव्हा टीव्ही जातो तसं हेही जाणार, थोडा वेळ का होईना.

करंटचं बघा. फायबरचा राऊटर दहा-पंधरा वॅट खातो, छोट्या यूपीएसवर तास-दोन तास निघतात. मोठी डिश पाऊणशे ते शंभर वॅट खाते, आणि दोन दिवस लाईट नसली की इन्व्हर्टर कुठंवर पुरणार?

प्रवासाचंही बरेच जण विचारतात, चोर्ला घाटात गाडीवर डिश ठेवून चालेल काय म्हणून. दोन्ही बाजूंनी जंगल, वर झाडांचा मांडव, आभाळ दिसलं तर चालेल ना! कधी वळणावर मोबाईल गोव्याचा टॉवर धरतो, तेवढ्यात मेसेज टाकून घ्या, आणि नकाशा घरातनं निघतानाच डाऊनलोड करा. बाहेरदेशातनं कुणी सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणालं तर नको म्हणा, परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडं गुन्हा आहे.

तर मग सॅटेलाइट कुणी घ्यावं? भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांनी, जिथं केबल न्यायची तर रानातनं किती लांब न्यायची. माझा एक मित्र तसलाच, शेवटचा पोल त्याच्या घरापासनं अडीच किलोमीटरवर. त्याच्या अंगणात उभं राहून मी वर बघितलं तर अर्धं आभाळ फणसानं झाकलेलं. तो म्हणाला, "तोडू काय?" आतनं त्याची आजी ओरडली, "हात लाव बघू!"

आता डिशसाठी खळ्यात लोखंडी खांब उभा करायचं ठरवलंय. घरापासनं चाळीस पावलं, तेवढी केबल आम्हीच पुरणार.