ओंबीचा शिक्का

कारखाना बंद करायच्या परवानगीचा अर्ज आला की आमच्याकडे, कामगार खात्यात, घड्याळ सुरू व्हायचं. तेव्हाचा कायदा म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७, कलम २५-ओ. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर बंद करायच्या ९० दिवस आधी सरकारकडे अर्ज करायचा. आणि ६० दिवसांत सरकारनं उत्तर कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असंच समजायचं. त्या साठ दिवसांत कंपनीचं म्हणणं, युनियनचं म्हणणं, ताळेबंद, स्थळपाहणी, सुनावणी, टिपणी आणि वरपर्यंतच्या सह्या, सगळं बसवायचं. एका टेबलावर फाईल आठवडाभर पडून राहिली तर कंपनीला काहीच करावं लागत नाही. म्हणून साठावा दिवस कुठला, ते मी फाईलच्या कव्हरवर लाल पेनानं लिहून ठेवायची.

ही फाईल २०१९ च्या पावसाळ्यातली. पुण्याजवळचा कारखाना, परदेशी मालकी, गाड्यांचे सुटे भाग, २१२ कायम कामगार. कारण दिलं होतं: मागणी नाही, तीन वर्षं तोटा. त्या वर्षी देशभर गाड्यांचा खप पडला होता, त्यामुळे कारण वाचताना कुणालाही पटावं असंच होतं. मी ताळेबंद घेऊन दोन रात्री बसले. तोटा होता. पण परदेशातल्या मूळ कंपनीला दरवर्षी जाणारी रॉयल्टी आणि तांत्रिक सल्ल्याची फी बाजूला काढली की तो निम्म्याहून खाली यायचा. हे मी तक्ता करून टिपणीला जोडलं. तो तक्ता चांगला झाला होता, आजही मला त्याचा अभिमान आहे.

पाहणीला आम्हाला आगाऊ कळवूनच जावं लागायचं. गेले तेव्हा शॉप फ्लोअर धुऊन पुसून ठेवलेला होता. एचआरचे साहेब आणि मुंबईहून आलेले सल्लागार माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होते. असे सल्लागार मी बरेच पाहिले. कामगाराचं नाव ते कधी घेत नाहीत, ‘हेडकाउंट’ म्हणतात. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या एका ओळीत मध्येच तीन जागा रिकाम्या होत्या. जमिनीवर बोल्टची भोकं आणि मशीन होती तेवढ्याच जागेचा न मळलेला हिरवा रंग. मशीन दुरुस्तीला गेली आहेत, असं मला सांगण्यात आलं.

डिस्पॅचच्या शेडमध्ये लाकडाची मोठी खोकी उभी होती. साहेबांना फोन आला म्हणून ते बाजूला गेले, सल्लागारही त्यांच्यामागे गेले. तेवढ्यात फोर्कलिफ्टवरचा मुलगा खाली उतरला, खोक्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हळूच म्हणाला, “मॅडम, हा शिक्का बघून ठेवा. लोकल मालाच्या खोक्याला आम्ही हे लाकूड वापरत नाही.”

चौकटीत गव्हाची ओंबी, शेजारी आयएन, खाली एचटी. निर्यातीच्या लाकडाबरोबर कीड परदेशात जाऊ नये म्हणून ते तापवतात, गाभ्यापर्यंत ५६ अंश, किमान ३० मिनिटं. मग हा शिक्का मारतात. एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट, तापवलेलं. आयएन म्हणजे ते भारतात तापवलेलं. म्हणजे ही खोकी बाहेरून मशीन घेऊन आलेली नव्हती, इथून जाणार होती. मी डायरीत शिक्का जसाच्या तसा काढून घेतला.

तो मुलगा ठेकेदाराचा होता. २१२ मध्ये तो धरलेलाच नव्हता.

सुनावणीत मी विचारलं. उत्तर आलं, “जिग आणि फिक्स्चर मूळ कंपनीच्या मालकीची आहेत, ती परत करतोय.” जिग, फिक्स्चर म्हणजे मशीनवर भाग घट्ट धरायची साधनं. कायदा मला कारणं खरी आणि पुरेशी आहेत का, लोकहित काय, हे बघायला सांगत होता. काम संपतंय की दुसऱ्या देशात चाललंय, हा प्रश्न त्यात शब्दात कुठेच नव्हता. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत १९६२ पासून व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी सरकारी योजना होती. पुढे त्यात काम परदेशी हलवलं का, तेही तपासलं जायचं आणि उत्तर ‘हो’ आलं तर कामगाराला प्रशिक्षण आणि भत्ता मिळायचा. तिचीही मुदत वाढवली नाही, १ जुलै २०२२ पासून तिथं नवीन अर्ज मंजूर होणं थांबलं. आपल्याकडे कारखाना बंद झाला तर कायदेशीर भरपाई नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. १४ वर्षं नोकरी केली तर सात महिन्यांचे पैसे. ईएसआयच्या, म्हणजे राज्य कामगार विम्याच्या, बेकारी भत्त्याचा आधार मिळावा, तर महिन्याचा पगार २१ हजारांच्या वर असल्यामुळे कायम कामगार ईएसआयच्या बाहेर होते.

चाळिसाव्या दिवशी कंपनीनं गेटवर व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लावली. रक्कम भरपाईच्या कितीतरी पट, मुदत दहा दिवस. युनियनचे अध्यक्ष सही करू नका म्हणून गेटवर घसा फोडून सांगत होते. माणूस प्रामाणिक होता, पण घराचे हप्ते असलेल्यांना द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

त्या दहा दिवसांत एक कामगार कार्यालयात आला. सीएनसीवर १४ वर्षं. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत, पावसात भिजू नये म्हणून. “मॅडम, तुम्ही आत जाऊन बघून आलात. ती मशीनं परत येतील का? येणार असतील तर मी सही करत नाही.”

फाईल निर्णयासाठी वर गेलेली होती. मी म्हणाले, “हा निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा, मला काही सांगता येणार नाही.” नियमानं तेच उत्तर होतं. तो थोडा वेळ बसला, पाणी प्यायला, गेला.

अठ्ठावन्नाव्या दिवशी सरकारचा आदेश निघाला: परवानगी नाकारली. पेढे वाटले गेले. नाकारणीचा आदेश एक वर्ष चालतो. ते वर्ष उरलेले कामगार हजेरी लावून कॅन्टीनमध्ये बसत, पगार मिळे, काम नव्हतं. महिन्यामहिन्यानं माणसं गळत गेली आणि शेवटी कारखाना न भांडता बंद झाला. आम्ही फाटक उघडं ठेवलं होतं, आतलं काम कधीच निघून गेलं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. परवानगीची मर्यादा आता ३०० कामगार. २१२ वाल्यांनी ६० दिवसांची नोटीस दिली की झालं. आज ती फाईल माझ्या टेबलावर आलीच नसती आणि त्या शेडमध्ये कुणी गेलंही नसतं.

डायरी मी जपून ठेवली आहे. त्या पानावर ओंबी, आयएन, एचटी. त्याच्याच खाली त्या कामगारानं स्वतःच्या हातानं लिहिलेला मोबाइल नंबर, काही कळलं तर सांगा म्हणून. मला तेव्हाही कळलेलं होतं. मी फोन केला नाही.