आधार कार्डावरचा ‘भाई’ आणि सीएनसीची परीक्षा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी बावीस वर्षे टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कामगार, आहे. त्यातली पहिली सोळा वर्षे साध्या लेथवर गेली आणि कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारा लेथ, आल्यावर मालकांनी मला तिकडे उभे केले. जॉब (कातायचा तुकडा) लावणे, सायकल चालू करणे, माप घेऊन ऑफसेट (हत्याराच्या जागेची आकड्यातली दुरुस्ती) देणे हे सर्व अंगवळणी पडले. परंतु दाखवायला कागद नव्हता आणि प्रोग्राममध्ये फेरफार करू देणारी किल्ली सुपरवायझरच्या खिशात असे.

सरकारी प्रशिक्षणाची चौकशी केली तेव्हा वय आडवे आले. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या वर्गांना ४५ वर्षांपर्यंतचेच उमेदवार घेतात आणि मला सत्तेचाळिसावे लागले होते. त्याच योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देणारी एक वाट आहे, जिला सगळे आरपीएल म्हणतात. तिची मर्यादा ५९ वर्षे आहे आणि उमेदवाराला फी पडत नाही. मात्र तेथे काम मुळापासून शिकवत नाहीत. थोडे ओळखवर्ग घेऊन, येत असलेले काम तपासून प्रमाणपत्र देतात. त्यामुळे जी-कोड, म्हणजे सीएनसीचा प्रोग्राम लिहिण्याची भाषा, मी रात्री जेवणे झाल्यावर डिप्लोमा करणाऱ्या पुतण्याच्या वहीतून शिकलो. काका विद्यार्थी झाल्याची मजा त्याने पुरेपूर लुटली.

खरी अडचण नावाची निघाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि पासबुकावर माझ्या वडिलांचे नाव दत्तात्रय आहे. आधार कार्डावर मात्र कोणीतरी गुजराती रिवाजाप्रमाणे ‘दत्तुभाई’ करून टाकले होते. नोंदणी आधारवरून होत असल्याने केंद्राने मला दुरुस्ती करून यायला सांगितले. दुरुस्तीसाठी दोन वेळा अर्धा दिवस रजा घ्यावी लागली आणि माझी पहिली तुकडी हुकली. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून कारागिरीला शाळेची इभ्रत दिली, तेथून एक कारागीर मधल्या नावापायी परत फिरतो, याचे मला वाईट वाटले.

परीक्षेच्या दिवशी लेखी आणि तोंडी भाग सुरळीत पार पडले. प्रात्यक्षिकात पायऱ्यांचा शाफ्ट होता. एका पायरीचा व्यास २४.०० मिलिमीटर हवा होता आणि सूट, म्हणजे चालणारा फरक, कमी-जास्त दोन्ही बाजूंना ०.०२ होती. मायक्रोमीटरने २४.०६ दाखवले. मी ऑफसेटमध्ये उणे ०.०३ भरले, कारण आमच्या जुन्या लेथच्या डायलवर व्यासातून जेवढे काढायचे त्याच्या निम्मे द्यावे लागते आणि सोळा वर्षांची ती सवय बोटांतून गेलेली नव्हती. सीएनसीवर मात्र एक्स अक्षाचा आकडा व्यासाचाच असतो. पुन्हा मापले तर २४.०३! परीक्षक काही बोलले नाहीत. मी आणखी उणे ०.०३ भरले, शेवटचा कट पुन्हा घेतला आणि माप जागेवर आले. उलट चूक झाली असती, म्हणजे जास्त कापले गेले असते, तर तो जॉब भंगारातच गेला असता.

काही आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळाले. पगाराचे दिवाळीनंतर पाहू, असे मालक म्हणाले. किल्ली मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी सुपरवायझरकडून मागून माझ्या हाती दिली.