भार यायच्या आधी

रविवार, रात्री. कोपरखैरणे.

आज मार्केट बंद, त्यामुळे अण्णा दिवसभर घरी होते. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते जी-फोर्स जी-फोर्स म्हणतेस, ते अंगाला नक्की लागतं कसं?"

मी हवाई दलात पायलट व्हायचं प्रशिक्षण घेतेय, सध्या सुट्टीला घरी आहे. हा प्रश्न घरात मला पहिल्यांदाच कुणी विचारला. बाकी सगळे विचारतात, भीती वाटते का, जेवायला काय देतात, पगार कधीपासून. म्हणून मी अगदी नीट सांगायला बसले. लूप मारताना, म्हणजे विमान उभ्या वर्तुळात फिरवताना, आधी नाक खाली करून वेग घ्यायचा आणि मग स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, ओढायची. ओढली की माणूस सीटमध्ये दाबला जातो. ४ जी म्हणजे आपलं वजन चौपट. ५५ किलोचा माणूस तेवढा वेळ २२० किलोचा. मांडीवरचा हात उचलायला जोर लागतो, हेल्मेटसकट डोकं मानेवर येऊन बसतं. रक्तसुद्धा जड होऊन पायांकडे उतरतं. ते आधी डोळ्यांना कळतं, कारण डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो आणि कमी पडलेल्या रक्ताला तो ओलांडून आत शिरता येत नाही. रंग जातात, सगळं राखाडी होतं, मग कडेचं दिसेनासं होतं. तरीही ओढत राहिलं तर शुद्ध जाते. शुद्ध आल्यावरही आपण कुठे आहोत हे कळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात विमान जमिनीकडे किती गेलं असेल सांगता येत नाही.

यावर उपाय शरीरानेच करायचा. पोटऱ्या, मांड्या, पोट घट्ट आवळायचं, छाती भरून श्वास कोंडायचा, दर तीनेक सेकंदांनी झटक्यात थोडा सोडून लगेच परत घ्यायचा. आणि हे सगळं जी यायच्या आधी सुरू झालेलं हवं. रक्त एकदा उतरलं की मागाहून आवळून ते वर चढवणं फार कठीण.

अण्णा लगेच म्हणाले, "मग आम्ही वेगळं काय करतो? गोणी पाठीवर यायच्या आधी दम भरायचा. पाठीवर आल्यावर भरायला गेलं, की कंबर गेली."

मी बघतच राहिले. अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत. जावळीतून तरणेपणी आले ते टोळीतच लागले. ५० किलोची गोणी पाठीवर घेऊन थप्पीवर चढणं मी लहानपणी डबा द्यायला गेल्यावर पाहिलंय, पण त्यातला श्वास कधी पाहिला नव्हता. आमचं हे घर, माझं इंजिनिअरिंग, आजीचं ऑपरेशन, सगळं त्या पाठीवर झालं. आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे झालं, कारण त्यानेच हमालाला फंड, बोनस आणि दवाखाना मिळाला. हे मी दुंडीगलला, हवाई दलाच्या अकादमीत, सहकाऱ्यांना आवर्जून सांगते.

अकादमीत सर मागच्या सीटवरून एकच गोष्ट बजावत असतात: विमानाच्या पुढे राहा. आम्ही शिकतो त्या पिलाटस विमानाचं इंजिन ७०० अश्वशक्तीचं आहे. पॉवर वाढवली की नाक डावीकडे जातं, म्हणून उजवा पाय रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर हवा, आणि तो नाक हलल्यावर नाही, पॉवरच्या थ्रॉटलला हात लावतानाच. लँडिंगही तसंच. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना पुढच्या वळणाची तयारी झालेली हवी: चाकं खाली, तीन हिरवे दिवे, फ्लॅप, वेग. वळल्यावर हे आठवायला बसलं तर वेळ निघून गेलेली असते. शेवटी जमीन जवळ आली की नजर नाकासमोर ठेवायची नाही, धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची. खालची जमीन किती वर आली हे दूर पाहिल्यावरच कळतं. पहिल्या सोलोला, म्हणजे एकटीने केलेल्या उड्डाणाला, मागची सीट रिकामी होती आणि तरी मी सगळं मोठ्याने बोलत होते. त्या दिवसाबद्दल वेगळं लिहीन, तो इथे दोन ओळींत उरकायचा नाही.

ही तयारी जमिनीवर होते. त्याला चेअर फ्लाइंग म्हणतात. खुर्चीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि अख्खी सॉर्टी, म्हणजे एक पूर्ण उड्डाण, तोंडाने बोलत हातापायांनी करायची. इथे सुट्टीतही रोज करते. गुडघ्यांमध्ये स्टिक म्हणून लाटणं धरते. आई पोळ्यांच्या वेळी मुकाट्याने ते काढून घेते आणि झाल्यावर परत आणून देते.

आज तिने गच्चीवर एक विचारलं. मुंबईला उतरणारी विमानं बहुतेक वेळा आपल्याच बाजूने का येतात? म्हटलं, उतरताना समोरून वारा हवा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग कमी राहतो आणि धावपट्टी कमी लागते. आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड. धावपट्टीचा आकडाही त्यावरूनच, २७ म्हणजे २७० अंश. तिने मान हलवली आणि पुढच्या विमानाला स्वतःच म्हणाली, "हे बघ, चाकं काढली."

एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या स्क्वाड्रनमधल्या एकाचं फ्लाइंग या टर्मला थांबवलं. तो आता ग्राउंड ड्यूटीच्या शाखेत जाईल. पायलट निवडीची ती संगणकावरची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ती पार करून तो इथवर आला होता. निघायच्या आदल्या रात्री त्याने त्याच्या सगळ्या नोट्स मला दिल्या, चेकलिस्टच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेल्या. इतका नीट अभ्यास असलेला दुसरा कॅडेट मी पाहिलेला नाही. उडणं आणि हुशारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुणी कितीही समजावलं तरी मला त्याच्यासाठी वाईट वाटतं.

पुढे फायटर, हेलिकॉप्टर की ट्रान्सपोर्ट हे लवकरच ठरेल. गुण, सरांचा अभिप्राय आणि हवाई दलाची गरज, तिन्ही बघतात. मला फायटर हवंय. १८ जून २०१६ ला पहिल्या तिघी मुली फायटर पायलट झाल्या, त्याचा पेपर अण्णांनी मार्केटमधून घरी आणला होता. मी तेव्हा शाळेत होते. आज त्यांना पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की हॉकवर, म्हणजे फायटरच्या प्रशिक्षणाच्या जेट विमानावर जायचंय, तिथे जी अजून जास्त असतो.

आईला ट्रान्सपोर्ट बरं वाटतं. अण्णांनी फक्त विचारलं, रोज बैठका किती मारतेस? मी आकडा सांगितला.

"वाढव," म्हणाले.

वाढवणार आहे. आमचे डॉक्टरही तेच सांगतात, की पाय आणि पोट मजबूत असेल तर ते आवळणं जास्त वेळ टिकवता येतं.