पिलू : खारपट्ट्यातलं पहिलं वर्ष

कच्छ, सौराष्ट्र आणि खंबातच्या आखाताकाठी उन्हाळ्यात जिथे मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो, तिथे पिलू (साल्व्हाडोरा पर्सिका) हे झाड कुणी न लावताही वाढतं. मातीचा खार ती वीज किती वाहून नेते त्यावरून, डेसिसीमेन प्रतिमीटर या एककात मोजतात. माती ४ च्या वर गेली की खारी समजतात. मोठं झालेलं पिलू ५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतका खार सोसतं. खार ते मांसल पानांत साठवतं आणि जुनी पानं गाळून टाकतं.

तरीही लावलेली रोपं मरतात आणि दोष खाराला दिला जातो. आमच्या मते बहुतेक वेळा मारतं ते साचलेलं पाणी, नाहीतर चुकीच्या जागी घेतलेला खड्डा.

बी गोळा करताना मीठी जार (पिलूचंच भावंड, साल्व्हाडोरा ओलिऑइडिस) वेगळी काढा. तिची पानं अरुंद, फुलं बिनदेठाची, फळं पिवळी आणि गोड. पिलूचं पान रुंद, चावलं की मोहरीसारखा झणका येतो. फुलांना बारीक देठ असतात, फळ गुलाबी-जांभळं.

पिकलेलं फळ त्याच दिवशी चोळून गर पूर्ण धुऊन काढावा. गर राहिला तर उगवण अडते, बुरशीही येते. बी सावलीत सुकवून लवकर पेरावं, साठवून ठेवू नये. १५ बाय २५ सेंटिमीटरच्या पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. बी सेंटिमीटरभर खोल. पिशवीला खाली भोकं हवीतच.

रोपवाटिकेत रोपांना गोडंच पाणी मिळतं, त्यामुळे थेट खाऱ्या जमिनीत गेली की ती हबकतात. शेवटचे दोन-तीन आठवडे लिटरला ३ ग्रॅम मीठ घातलेलं पाणी द्यावं. सुरुवात १ ग्रॅमपासून. पानांच्या कडा करपल्या तर थांबून गोडं पाणी द्या.

लागवड पहिल्या दमदार पावसानंतर, वरचा खार धुऊन खाली गेला की. भारी काळ्या मातीत वरंबे करा, पण रोप माथ्यावर नको. पाणी माथ्याकडे चढून तिथे उडतं आणि मीठ मागे सोडतं. कोवळ्या मुळांना सगळ्यात जास्त खार तिथेच भेटतो. सरीच्या तळाशीही नको, तिथे पाणी तुंबतं. वरंब्याची मधली उतरण हीच योग्य जागा. अंतर ४ बाय ४ मीटर, म्हणजे हेक्टरी ६२५ रोपं. पाऊस संपल्यावर पहिल्या उन्हाळ्यापर्यंत जमेल तेव्हा गोडं पाणी द्या. थोडं थोडं शिंपडू नका, त्याने खार वरच राहतो. द्याल तेव्हा एकदम भरपूर द्या.

माती तपासणीचा अहवाल नीट वाचा. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणातला खाराचा आकडा असेल, तर संपृक्त (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या) मातीच्या अर्कातला आकडा त्याच्या कित्येक पट असतो. वर दिलेले ४ आणि ५० हे संपृक्त अर्काचे आकडे आहेत. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असू शकते, तिचा उपाय वेगळा.

शेळ्या आणि उंट कोवळे शेंडे सोडत नाहीत, म्हणून निदान दोन वर्षं कुंपण हवं. गांडा बावळ (वेडी बाभूळ) जवळ असेल तर लागवडीआधीच मुळासकट काढा. पुढे फळं धरली की पक्षी आधी पोचतात, तेव्हा झाडाखाली कापड पसरून दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करा. बियांत सुमारे ४० टक्के तेल असतं. ते साबणासाठी चालतं, खाण्यासाठी नाही.