यॉर्कच्या तटावरून

यॉर्क, एप्रिल महिन्यातील शनिवार

इंग्लंडमधील यॉर्कच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर सर्वप्रथम दिसतो तो तट. मातीच्या उंच, हिरव्या बंधावर पांढुरक्या चुनखडीची भिंत उभी आहे आणि बंधाच्या उतारावर सध्या डॅफोडिलची पिवळी फुले दाटली आहेत. सह्याद्रीतील गडांवर भटकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचे डोळे काळ्या दगडाला सरावलेले असतात, त्यामुळे हा उजळ रंग पाहून मी क्षणभर थबकलो. मात्र वर चढून फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालू लागल्यावर चर्या (तटावरचे दाते), जंग्या (मारा करण्याची छिद्रे), बुरूज असे सारे ओळखीचे भेटत गेले. सुमारे साडेतीन किलोमीटरचा हा तट बहुतांशी तेराव्या-चौदाव्या शतकांतला आहे. आतल्या बाजूस बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून समोरून कोणी आले की दोघांनाही जपून सरकावे लागते.

मिकलगेट बार हा दक्षिणेकडचा, राजमार्गावरचा दरवाजा. इंग्लंडचे राजे याच दरवाजाने शहरात येत आणि राजद्रोह्यांची मुंडकीही इथेच टांगली जात. १४६० मध्ये वेकफील्डच्या लढाईत पडलेला यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याचे शिर त्याच्याच नावाच्या शहराच्या वेशीवर लावले गेले होते. इथून नदी ओलांडून मी क्लिफर्ड्स टॉवरकडे गेलो. टेकाडावरचा आजचा दगडी बुरूज तेराव्या शतकातला आहे. त्यापूर्वी तिथे लाकडी बुरूज होता. मार्च ११९० मध्ये शहरातील सुमारे दीडशे ज्यूंनी चिडलेल्या जमावापासून वाचण्यासाठी त्या बुरुजाचा आश्रय घेतला आणि सुटकेची आशा संपल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःच्या हाताने आपल्या कुटुंबीयांचा व स्वतःचा शेवट केला. टेकाडाच्या पायथ्याशी त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा आहे. अनेक जण वरून शहर पाहण्याच्या घाईत पायऱ्यांकडे वळतात. मला मात्र आधी ती शिळा वाचणे आवश्यक वाटले, आणि वाचल्यानंतर वर जाण्याची इच्छा उरली नाही.

आज मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो वॉमगेट बारपाशी. दरवाजापुढे दोन समांतर भिंती बाहेर काढून मधल्या अरुंद जागेत शत्रूला कोंडण्याची जी व्यवस्था असते, ती संपूर्ण इंग्लंडमध्ये शहराच्या वेशीला आज केवळ इथेच शिल्लक आहे. आपल्या गडांवर महादरवाजापुढची अशी आडोशाची भिंत, म्हणजे जिभी, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे प्रयोजन समजावून सांगावे लागणार नाही. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४४ च्या वेढ्यात, संसदेच्या सैन्याने या दरवाजावर तोफा डागल्या होत्या. आत वळून पाहिले तर मागच्या बाजूस दगडी खांबांवर तोललेले सोळाव्या शतकातले लाकडी घर आहे, म्हणजे लढण्याच्या जागेच्या पाठीला कोणाचा तरी संसार चिकटलेला.

बाकीच्या तीन मोठ्या दरवाजांपुढेही अशाच भिंती होत्या. १८०० मध्ये नगरपालिकेने तट, दरवाजे सारेच पाडण्याची परवानगी मागितली. कारणे नेहमीचीच होती: रस्ते अरुंद पडतात, डागडुजीचा खर्च परवडत नाही, जुन्या दगडांचा आता उपयोग काय? पुढच्या काही दशकांत त्या तिन्ही जिभ्या आणि तटाचे काही तुकडे खरोखरच गेले. रेल्वेसाठी तट फोडून त्यात कमानीही काढण्यात आल्या. तरीही नागरिकांनी विरोध चालू ठेवला, वर्गण्या काढल्या, आणि त्यांच्यात याच शहरात जन्मलेला चित्रकार विल्यम एटी आघाडीवर होता. बूथम बारसमोरच्या चौकात कलादालनापुढे त्याचा पुतळा आहे. मला तो या शहरातील सर्वांत योग्य जागी उभारलेला पुतळा वाटला, कारण तेथून त्याने वाचवलेला दरवाजा समोरच दिसतो.

जवळच्या संग्रहालयाच्या बागेत रोमनांचा बहुकोनी बुरूज आहे. इसवी सन ७१ मध्ये रोमनांनी इथे छावणी वसवली आणि ३०६ मध्ये कॉन्स्टन्टाइनला त्याच्या सैन्याने इथेच सम्राट घोषित केले. बुरुजाच्या खालच्या भागात लहान, नेटके चिरे असून त्यांमधून लाल विटांचा एक पट्टा आडवा गेला आहे. वरचे चिरे मोठे, मध्ययुगीन. दोन काळांमधला सांधा हाताने चाचपून पाहता येतो. शॅम्बल्स ही एकेकाळची खाटिकांची गल्ली गर्दीमुळे मी नुसती ओलांडली.

दुपारनंतरचा वेळ मिन्स्टरमध्ये, म्हणजे इथल्या भव्य कॅथेड्रलमध्ये, गेला. पूर्वेकडची महाखिडकी जॉन थॉर्नटन याने १४०५ ते १४०८ या काळात घडवली; तिच्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून अंतापर्यंतची कथा रंगीत काचांत मांडली आहे. १६४४ च्या वेढ्यानंतर शहर पडले तेव्हा संसदेच्या बाजूचा सेनापती फेअरफॅक्स हा स्वतः यॉर्कशायरचा असल्याने त्याने या काचांना हात लागू दिला नाही. पुढे जुलै १९८४ मध्ये दक्षिणेकडच्या भागाचे छत आगीत कोसळले. तिथल्या गोल गुलाब-खिडकीच्या काचांना हजारो तडे गेले, पण काही वर्षांपूर्वीच शिशाच्या पट्ट्या नव्याने बसवलेल्या असल्यामुळे ती जागेवर टिकली. आज तिच्याखाली उभा राहून मी त्या अनाम कारागिरांचाच विचार करत होतो, ज्यांनी आगीची कल्पनाही नसताना आपले काम चोख केले होते.

चार वर्षांत छत पुन्हा उभे राहिले. त्यावरील लाकडी नक्षीगाठींपैकी (छताच्या फासळ्या जिथे मिळतात तिथल्या कोरीव गाठींपैकी) काहींची चित्रे दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून मुलांनी काढली, आणि म्हणून या गॉथिक छतात आज चंद्रावर उतरलेला माणूस आहे आणि देवमासेही आहेत. ज्यांनी जुने काही बदलणार नाही असा हट्ट न धरता त्या चित्रांना जागा दिली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. नुसत्या डोळ्यांनी त्या गाठी नीट दिसत नाहीत. उद्या दुर्बीण घेऊन पुन्हा जाणार आहे.