विसाचा पाढा
तक्रार आली ती अशी: "ड्रम मशीन हळूहळू मागे पडतंय. गाणं सुरू होताना ठेका घट्ट असतो, शेवटाकडे लंगडायला लागतो." सेटअप साधाच होता. सिक्वेन्सर (साठवलेल्या नोटा आपोआप वाजवणारं यंत्र) मास्टर आणि त्याच्या क्लॉकवर, म्हणजे लय सांगणाऱ्या टिकांवर, चालणारं एक जुनं ड्रम मशीन. मशीन रोलँडच्या टीआर-८०८ च्या पिढीचं, मिडी (वाद्यांनी तारेतून एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत) यायच्या आधीचं. त्याला मिडी कळत नाही, डिन सिंक (टिकांच्या विद्युत पल्स पाठवणारी जुनी पद्धत) लागतो, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर बसवलेला.

त्या "हळूहळू"वर माझा विश्वास बसला नाही. क्लॉकवर चालणाऱ्या मशीनला स्वतःची लयच नसते. टिक आला की ते एक घर पुढे सरकतं, नाही आला की जागेवर थांबतं. मिडी क्लॉकमध्ये एका मात्रेला २४ टिक असतात, रोलँडच्या डिन सिंकमध्येही २४. सहा टिकांना सोळांशाची, म्हणजे पाव मात्रेची, एक स्टेप. म्हणजे मशीन एक तर बरोबर चालेल, नाहीतर टिक गमावेल आणि नेमकं तेवढ्या टिकांनी मागे राहील. त्याच्या अधलंमधलं काही संभवत नाही.

माझ्या आधी तिथे बरेच हात फिरून गेले होते. एकाने निदान केलं होतं, "जुनं मशीन आहे, गरम झालं की घसरतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते, मोजमाप न करता जुन्या मशीनवर खापर फोडणं फार सोपं असतं. दुसऱ्याने कन्व्हर्टर आणि मशीनमधली केबल बदलली होती, तर मशीन सुरूच होईना. प्लग दोन्हीकडे पाच पिनांचाच, पण बऱ्याच मिडी केबलींत २, ४ आणि ५ एवढ्याच पिनांना तारा असतात. डिन सिंकमध्ये स्टार्ट-स्टॉप १ नंबरच्या पिनवर आणि क्लॉक ३ नंबरवर. पाचही तारा असलेली केबल लावल्याशिवाय मशीन हलत नाही. तिसऱ्याने सिक्वेन्सरच्या ट्रॅकांना २० मिलिसेकंदांचा डिले लावून सूर-ठेका जुळवला होता. त्यामुळे गाण्याचा शेवट थोडा सावरला आणि सुरुवात बिघडली.

मी सगळं मूळपदावर आणलं आणि मोजायला घेतलं. डाव्या चॅनलला मशीनचा रिमशॉट, उजव्या चॅनलला साउंड मॉड्यूलचा (सिक्वेन्सरच्या नोटा वाजवणारी पेटी) तोकडा, टोकदार आवाज, दोन्ही प्रत्येक मात्रेवर, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड. ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. गाण्याचा टेम्पो मिनिटाला १२५ मात्रांचा होता, हे नशीबच म्हणायचं, कारण १२५ ला एक टिक बरोबर २० मिलिसेकंदांचा पडतो. सुरुवातीला दोन आवाजांत ३ मिलिसेकंदांचं अंतर होतं आणि ते तसंच राहिलं. हे नेहमीचं आहे, कन्व्हर्टरमधून मशीनपर्यंत ठोका पोचायला तेवढा वेळ जास्त लागतो. म्हणजे सुरुवातीची सम निसटत नव्हती. स्टार्टनंतर येणारा पहिला टिक म्हणजे सम. तो खाल्ला गेला असता तर पहिल्या ठोक्यापासूनच २० चा फरक दिसला असता.

पहिल्या ब्रेकनंतर अंतर एकदम २३ झालं. दुसऱ्या ब्रेकनंतर ६३. पुन्हा गाणं वाजवलं: ४३, मग ६३. मूळचे ३ वजा केले की २०, ६०, ४०, ६०. मध्ये कुठेही चढ नाही. ब्रेकमध्ये उडी, पुढे सरळ रेघ. कानाला मात्र ते हळूहळू बिघडल्यासारखं वाटतं, कारण २० चा फरक पटकन खटकत नाही, ६० चा खटकतो.

खात्रीसाठी टेम्पो १०० केला. तिथे टिक २५ मिलिसेकंदांचा. उड्या बहुतेक २५ च्या झाल्या. घोटाळा ठरावीक वेळेच्या डिलेचा असता, तर टेम्पो बदलल्यावर आकडा हलला नसता. टिक हरवत होते, याबद्दल आता शंका उरली नाही.

ब्रेकमध्ये काय होतं, हे मी कीबोर्डवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही हो, मी फक्त आवाज बदलतो." त्याचा कीबोर्ड १९८० च्या दशकातला, एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीने आवाज घडवणारा. पॅनलवरचं बटण दाबून आवाज बदलला की तो पूर्ण व्हॉइस, म्हणजे त्या आवाजाची सगळी माहिती, सिस्टिम एक्सक्लुझिव्ह नावाच्या लांब मिडी संदेशातून बाहेर पाठवतो: १५५ बाइट आवाजाचे, ८ मागचेपुढचे, एकूण १६३. मिडीच्या तारेत सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एका बाइटला १० बिट, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद. १६३ बाइटांना ५२ मिलिसेकंद. कीबोर्ड आणि सिक्वेन्सर दोन्ही एका मर्ज बॉक्समध्ये (दोन मिडी तारांतले संदेश एकत्र करणारी पेटी) जात होते, आणि मॉड्यूल व कन्व्हर्टर दोन्ही त्याच मर्जच्या आउटवर.

मिडीचा नियम स्पष्ट आहे: क्लॉकचा बाइट कुणासाठीही थांबत नाही. लांबलचक संदेशाच्या मधोमधसुद्धा त्याला वाट द्यायची असते. हा मर्ज बॉक्स ती देत नव्हता. १६३ बाइट संपेपर्यंत तो टिक अडवून ठेवायचा. ५२ मिलिसेकंदांत दोन किंवा तीन टिक अडकायचे आणि मग एकामागोमाग एक, ०.३२ मिलिसेकंदांच्या अंतराने सुटायचे.

ऑसिलोस्कोप लावला तेव्हा पुढचंही दिसलं. वरच्या रेघेवर मर्जमधून येणारा मिडी, खालच्या रेघेवर कन्व्हर्टरची क्लॉक पिन. वर बाइटांची गर्दी, खाली शांत सपाट रेघ. मग वर तीन बाइट एकमेकांना चिकटून आले आणि खाली एकच पल्स उठली. कन्व्हर्टरची पल्स ५ मिलिसेकंद उंच राहते. दुसरा आणि तिसरा टिक आला तेव्हा रेघ आधीच वर होती. नवी चढती कड नाही, मग मशीन मोजणार काय? दोन अडकले तर एक गेला, तीन अडकले तर दोन. २० किंवा ४०. गाणं थांबवून पुन्हा सुरू केलं की मोजणी पहिल्यापासून सुरू, म्हणून साउंडचेकमध्ये सगळं ठीक वाटायचं.

उपाय दहा मिनिटांचा होता. सिक्वेन्सरच्या दुसऱ्या मिडी आउटमधून थेट कन्व्हर्टरला केबल, तिथे फक्त क्लॉक. पहिल्या आउटवरचा क्लॉक बंद, त्यावर फक्त नोटा, आणि त्या कीबोर्डसोबत मर्जमधून मॉड्यूलला. कीबोर्डचं एक्सक्लुझिव्ह पाठवणंही बंद केलं, पण माझा भरवसा त्या सेटिंगवर नाही, केबलवर आहे. मग कीबोर्डवाल्याला संपूर्ण गाणंभर बटणं दाबायला लावली. अंतर ३ चं ३ राहिलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्यांच्या आधीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी नंतर मोजलं. त्यात एकाच ब्रेकमध्ये ६० ची उडी आहे. एका संदेशात जास्तीत जास्त तीन टिक अडकतात, म्हणजे ४० च्या पुढे जायला नको. संदेश लागोपाठ दोनदा गेला आणि मर्जने मध्ये एकदा टिक सोडले, तर हिशेब बसतो: पाच अडकले, दोन पल्स उठल्या, तीन गेले. कीबोर्डवाला ठामपणे सांगतो की त्याने बटण एकदाच दाबलं. जुनं बटण असं एका दाबात दोनदा लागू शकतं. त्या रात्रीचा फक्त आवाज माझ्याकडे आहे, मिडी नाही. पुढच्या तालमीला कीबोर्डच्या आउटवर मॉनिटर लावून प्रत्येक दाबाला किती संदेश निघतात ते मोजणार आहे.