ग्रेलिंगची कोडियाक

जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेताना मी आधी दोरी चढवून टोकाकडून बघतो: दोरी पात्यांच्या, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांच्या, बरोब्बर मधून जायला हवी. पातं पिळलेलं असेल तर स्वस्तातही नको.

माझा जीव धनुष्यं बनवणाऱ्या बेअर कंपनीच्या कोडियाक या रिकर्व्हवर, तीही अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रेलिंगला घडलेली. १९७८ मध्ये कारखाना फ्लोरिडात गेला. लाकडाच्या पट्ट्या, वर फायबरग्लास. काय देखणं काम!

दोरी मात्र डेक्रॉनचीच (थोडी ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) लावा. नव्या फास्ट फ्लाइट दोऱ्या ताणत नाहीत, सगळा झटका टोकांवर बसतो आणि जुनी टोकं चिरतात. हे मी भेटेल त्याला सांगतो.

माझ्या कोडियाकवर ४५ पौंड लिहिलंय, म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारं बळ, पण ते २८ इंच ओढल्यावर. माझी ओढ २६ इंचांची, म्हणजे हाती साधारण ४० पौंड येतात. इथला हरणांचा धनुष्य-हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, त्यामुळे सध्या रोज संध्याकाळी परसात लाकडी बाणांचा सराव चालू आहे.